आशाबाईंनी नाकारलेला व्हिसा

तालीम कोणाच्या अंगणात घ्यायची, यावरच अर्धी सकाळ गेली.

पडद्यांच्या भांडणापासून गुणवंतराव आणि सुनिल हे दोघे सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. होळीला झाडीपट्टीतला नाटकांचा हंगाम संपला, की गुणवंतराव आपल्या कंपनीचे तीन पडदे धाकट्याच्या धानाच्या कोठीत ठेवायचे. राजवाडा, जेल आणि जंगल. एका वर्षी उंदरांनी जंगल खाल्लं. राजवाड्याला आणि जेलला तोंडही लावलं नाही. सावली या त्यांच्या गावापासून हाकेवर खरं जंगल उभं असताना गुणवंतरावांनी त्या कापडी जंगलाचं सुतक पाळलं, आणि उंदीर सुनिलने मुद्दाम सोडले असा आरोप चारचौघांत केला. तेव्हापासून अंगणाच्या मध्ये कमरेएवढी भिंत होती आणि भिंतीवरून जे काही पलीकडे जायचं, ते सुनिलच्या मुलीमार्फत, दिव्यानीमार्फत.

"दिव्यानी, तुह्या मोठ्या बाबाले सांग, त्यायची बकरी आमच्या भाजीत घुसली."

मोठे बाबा, म्हणजे गुणवंतराव, चार हातांवर उभे असत. "दिव्यानी, तुह्या बापाले सांग, बकरी तुमचीच हाये. आमची बांधून हाये."

बकरीचा प्रश्न अजून सुटलेला नव्हता, आणि इतक्यात दिव्यानीला अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये बुरशीशास्त्र शिकायला शिष्यवृत्ती मिळाली. बुरशीशास्त्र म्हणजे काय, हे घरात समजावून सांगताना तिने सात्यांचं, म्हणजे रानातल्या अळंब्यांचं, उदाहरण दिलं. ती चूक झाली.

"सात्या?" गुणवंतराव म्हणाले होते. "वारुळावर उगवते थ्याच सात्या? अवो, थ्या तं पावसाळ्यात टोपलीभर भेटते इथी. त्याच्यासाठी विमान कायले पाहिजे?"

पण भाची-पुतण्यांत पहिल्यांदाच कोणाला तरी परदेशाने स्वतःहून बोलावलं होतं. त्यामुळे नाराजी बाजूला ठेवून मोठ्या बाबांनी दिग्दर्शन हातात घेतलं. व्हिसाची मुलाखत हैदराबादला होती. हंगाम संपल्यामुळे ते रिकामे होते, आणि रिकामा दिग्दर्शक ही या घरातली सगळ्यात धोक्याची वस्तू होती.

सल्लागार म्हणून त्यांचा मुलगा लोकेश होता. लोकेशला व्हिसा दोनदा नाकारला गेला होता. एखाद्याने हा विषय तिथेच सोडला असता. लोकेशने बस स्टँडवरच्या आपल्या मोबाईलच्या दुकानावर 'परदेश शिक्षण मार्गदर्शन' असा बोर्ड लावला.

"अनुभव माह्याच जवळ हाये," तो म्हणायचा, आणि ते खोटं नव्हतं.

शेवटी तालीम सुनिलच्या अंगणात ठरली, कारण तिथे खिडकी होती.

"व्हिसाचा ऑफिसर खिडकीमागं असते," लोकेशने सांगितलं. "आपण उभं राहाचं. थो बसून राहाते. मदात काच."

अंगणात उघडणारी एकच खिडकी होती, स्वयंपाकघराची. तिला काच नव्हती, गज होते. आणि गजांमागे आधीपासूनच असलेली एकमेव व्यक्ती म्हणजे दिव्यानीची आई, आशाबाई. ती भाताचं पाणी काढत होती.

"वहिनीच ऑफिसर," असं गुणवंतरावांना म्हणता येत नव्हतं. त्यांच्या तोंडी आशाबाईसाठी काही शब्दच नव्हता. ते तिचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. लग्न होऊन आली तेव्हापासून त्यांच्यासमोर तिचा पदर डोक्यावर आणि आवाज घशात. चहा पाहिजे का, हेसुद्धा ती दिव्यानीला विचारायला लावायची.

"दिव्यानी, तुह्या आईले सांग, तू ऑफिसर हाय म्हणा."

दिव्यानीने सांगितलं. आशाबाईने भाताचं भांडं खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि खिडकीशी येऊन उभी राहिली. नाही म्हणाली नाही. हो पण म्हणाली नाही. एवढ्या वर्षांत तिच्याकडून हेच उत्तर मिळत आलं होतं, म्हणून कोणी लक्ष दिलं नाही.

"पयले पासपोर्ट दे," लोकेश म्हणाला. "मग थो टाईप करते. आन हसू नको. मी पयल्यांदा हसलो होतो."

"अन् दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा नाई हसलो. तं त्यानं विचारलं, टेन्शनमदी काऊन हाय."

"मग काय करू मी?"

"मदातलं कर."

गुणवंतरावांना दुसरीच काळजी होती. "पोरी, अशी नको उभी राहू. प्रेक्षकाकडं पाठ झाली तुही. तिरपी हो. आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे."

"मोठे बाबा, ऑफिसर समोर हाये."

"ऑफिसर एक हाये. मांग हॉलभर माणसं बसून राहाते. रंगभूमीवर चाळीस वर्षं काढली मी, मेलो तरी प्रेक्षकाकडं तोंड करून मेलो."

"अन् हे मराठीत काऊन चालू हाये?" दिव्यानीने विचारलं. "थो इंग्लिशमदी विचारन."

"आधी भाव बसू दे. भाषा मागून बसन."

ओट्यावर सुनिल बसला होता. तो धान गिरणीचा मालक होता आणि गिरणीच्या आवाजामुळे त्याला कमी बोलायची सवय लागली होती. तो म्हणाला, "दिव्यानी, तुह्या मोठ्या बाबाले सांग, लवकर आटपा. गिरणी उघडाची हाये."

गुणवंतरावांनी टाळी वाजवली. पडदा उघडला.

आशाबाईने पासपोर्ट घेतला. उघडला. फोटोकडे बघितलं, मग मुलीकडे बघितलं. लोकेशने पढवलेले प्रश्न तिने नीट विचारले. कुठे शिकणार, काय शिकणार, पैसा कोण देणार. दिव्यानी उत्तरं देत गेली. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की गुणवंतरावांना कंटाळा आला.

मग आशाबाईने शेवटचा प्रश्न विचारला. लोकेशने सगळ्यात जास्त घोकून घेतलेला.

"वापस येशीन का?"

"हो, येईन!" दिव्यानी तिरपी होऊन मोठ्याने म्हणाली. "या मातीचं दूध प्यायलेय मी! कोणताही समुद्र या लेकीला तिच्या आईपासून तोडू शकणार नाही!"

गुणवंतरावांचे डोळे भरून आले. संवाद त्यांचाच होता.

"हे तं तुमच्या मागच्या नाटकात होतं," आशाबाई म्हणाली.

हे वाक्य थेट भासऱ्याला उद्देशून होतं. मध्ये दिव्यानी नव्हती.

"अन् थे म्हणणारी बाई," आशाबाई पुढे म्हणाली, "दुसऱ्या अंकात गेली थे वापसच नाई आली."

"थे... थे कथानकाची गरज होती," गुणवंतराव म्हणाले. उत्तर द्यायचं की नाही, हे ठरवायच्या आधीच ते देऊन बसले होते.

"रिटेक," लोकेश मध्ये पडला. "दिव्यानी, माहंवालं बोल. कागदावरचं."

"वडिलांची धान गिरणी आहे," दिव्यानी म्हणाली. "मी एकटी वारस आहे. शिक्षण झाल्यावर मला गिरणी सांभाळायची आहे."

"गिरणीत पाय टाकला की शिंका येते तिले," आशाबाई म्हणाली. "पयलीत होती तवापासून. खोटं."

"काकू, ऑफिसरले काय माहीत शिंकते का नाई?"

"मले माहीत हाये."

"पण तू ऑफिसर हाय ना आता!"

"हाव," आशाबाई म्हणाली. "म्हणून तं विचारून राह्यली."

हे ठरवून चाललेलं नव्हतं. शिष्यवृत्तीचा मेल आला त्या दिवसापासून घरात सगळ्यांनी सगळं विचारलं होतं, थंडी किती असते, भात भेटते का, जावई गोरा आणशील का. आशाबाईला फक्त एवढंच विचारलं गेलं होतं, की सोबत लोणचं किती देतेस. तिच्या मनातला एकच प्रश्न होता आणि तो आईने विचारायचा नसतो. आईने विचारला तर पोरीचा पाय अडकतो. पण ऑफिसरने विचारला तर चालतो, हे तिला गजांमागे उभं राहिल्यावर कळलं. गज तेच होते. भाताचं भांडं तेच होतं. पण इकडून बोललेलं लोक ऐकत होते.

"कागद ठेव खाली," ती म्हणाली. "तुह्या तोंडानं सांग. येशीन का?"

दिव्यानीने तोंड उघडलं. मिटलं. वडिलांकडे बघितलं, ते गिरणीच्या दिशेने बघत होते. मोठ्या बाबांकडे बघितलं, ते ओठ हलवून प्रॉम्प्टिंग करत होते.

आशाबाईने पासपोर्ट बंद केला आणि गजांमधून परत दिला.

"नाई भेटणार. पुढच्याले पाठव," ती म्हणाली आणि भाताकडे वळली.

पुढे कोणी नव्हतं. तरी सगळे थोडे मागे सरकले.

"म्हणजे?" गुणवंतरावांनी विचारलं.

"रिजेक्ट," लोकेश म्हणाला. त्याने हा क्षण ओळखला. दोनदा जगलेला होता.

"तालमीत कोणी रिजेक्ट करते का? सुनिल, तुह्या बायकोले समजाव!"

"मी काय समजावू, दादा? ऑफिसर तुमीच नेमला!"

दोघेही थबकले. पडद्यांच्या भांडणानंतरचं हे पहिलं थेट बोलणं होतं. तोंडातून निघून गेलं होतं, आता परत घेता येत नव्हतं. मग दोघांनी त्याचा पुरेपूर उपयोग केला. भिंतीच्या अलीकडे उभे राहून दोन भाऊ एका सुरात आशाबाईवर चिडले. पोरगी उद्या हैदराबादले निघते, असा अपशकून कोणी करते का. समोरून फक्त भांड्यांचा आवाज आला.

"अपील करता येते का?" सुनिलने लोकेशला हळूच विचारलं.

"यात अपील नसते, काका. नवीन तारीख घ्या लागते."

सुनिलने खिडकीकडे बघितलं. "आशा, तारीख देतं का?"

"जेवाले बसा," आतून उत्तर आलं.

*

हैदराबादला आशाबाई आली नाही. "मी माह्या परीनं सांगितलं," एवढंच म्हणाली आणि लोणच्याची बरणी दिली.

बल्लारशाहून गाडीत बसल्यापासून दोघे भाऊ समोरासमोर होते आणि दिव्यानीमार्फत बोलायचं विसरून गेले होते. तीन तास ते फक्त बकरीवर बोलले. बकरी बहुतेक तिसऱ्याच कोणाची तरी आहे, या निष्कर्षावर ते काझीपेटच्या आधी पोचले. दिव्यानी खिडकीशी बसून आपल्या प्रश्नाचं उत्तर शोधत होती. प्रत्येक स्टेशनला तिला एक उत्तर सापडायचं आणि पुढच्या स्टेशनपर्यंत ते खोटं वाटायला लागायचं.

व्हिसा ऑफिसच्या गेटवर गार्डने नारळ अडवला.

"कोकोनट अंदर नहीं जाएगा."

"अंदर नाई, बाहरही फोडना है," गुणवंतराव म्हणाले. "शुभारंभ का प्रयोग है हमारी भतीजी का."

गार्डने प्रयोग म्हणजे काय, ते विचारलं नाही. अशी माणसं त्याला रोज भेटत असावीत. नारळ समोरच्या दुभाजकावर फुटला, गार्डला एक तुकडा मिळाला आणि दिव्यानी आत गेली. मोबाईल लोकेशकडे, बॅग बापाकडे, सूचना सगळ्यांकडून.

आत थंडगार हॉल होता आणि खरंच मागे हॉलभर माणसं बसली होती. दिव्यानीचा नंबर आला तेव्हा ती खिडकीसमोर सवयीने तिरपी उभी राहिली आणि एवढ्या मोठ्याने "गुड मॉर्निंग" म्हणाली, की मागून दोघांनी उत्तर दिलं.

काचेमागच्या साहेबाला सर्दी झाली होती. त्याने नाक पुसत पासपोर्ट घेतला, टाईप केलं.

"काय शिकणार?"

"बुरशी. आमच्याकडे वाळवीच्या वारुळावर एक येते, वाळवी तिची शेती करते. तिचा अभ्यास."

त्याने पहिल्यांदा वर बघितलं. "वाळवी शेती करते?"

"हो सर. आमच्या आधीपासून."

"आणि तुम्ही ती खाता?"

"हो."

"चव कशी लागते?"

या प्रश्नाची तालीम झाली नव्हती. "आई करते तशी कोणाला जमत नाही," ती म्हणाली. इंग्रजीत हे वाक्य थोडं लहान झालं.

साहेब शिंकला. अजून काहीतरी टाईप केलं. पासपोर्ट बाजूच्या ट्रेमध्ये टाकला आणि म्हणाला, "मंजूर. शुभेच्छा."

दिव्यानी हलली नाही. आईचा तो प्रश्न तिच्याजवळ तसाच होता. बल्लारशापासून तिने त्याचंच ओझं वाहिलं होतं आणि इथे तो कोणी उतरवूनच घेत नव्हतं.

"सर, मी परत येणार का, हे तुम्ही विचारलं नाही."

साहेबाने रुमाल खाली घेतला. "विचारू का?"

आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जात होता, त्याबद्दल मोठ्या बाबांना मानलं पाहिजे.

"नको," दिव्यानी म्हणाली.

*

ती रिकाम्या हाताने बाहेर आली. लोकेशने लांबूनच ते बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"पासपोर्ट कुठी हाये?"

"ठेवून घेतला त्यायनं."

"ठेवून घेतला?" लोकेशने कपाळाला हात लावला. "मले तं दोन्ही वेळेस हातात देल्ला होता. इज्जतीत. बाबा, काही तरी मोठा घोळ झाला!"

गुणवंतरावांना एवढंच पुरेसं होतं. "पोरीचा पासपोर्ट हिसकला! सुनिल, चाल अंदर!"

"चाला, दादा!"

दोन भाऊ खांद्याला खांदा लावून गेटकडे निघाले. गार्डने उरलेला नारळ खिशात टाकला आणि आडवा हात धरला. लोकेश मागून ओरडत होता, की याच्यासाठी वकील लागेल, त्याच्या ओळखीत जवळच्या मूल गावात एक आहे. दिव्यानी तिघांच्या मध्ये उड्या मारून सांगत होती, पण या घरात ती ज्याच्यासाठी बोलायची तो नेहमी दुसराच कोणीतरी असायचा, त्यामुळे तिचं स्वतःचं म्हणणं ऐकायची कोणाला सवय नव्हती.

शेवटी तिने मागच्या रांगेचा आवाज लावला. "मंजूर झालं! मंजूर झालं की ठेवून घेते! नाई झालं तं वापस देते!"

सगळे थांबले.

"मग मले थो वापस..." लोकेश म्हणाला.

"हाव, दादा."

लोकेश थोडा वेळ रस्त्याकडे बघत राहिला. बोर्ड काढावा लागेल की नुसता बदलावा लागेल, याचा तो विचार करत असावा.

गुणवंतरावांनी भावाला मिठी मारली. मग दोघांनाही अवघडल्यासारखं झालं. दिव्यानीला मात्र गजांमधून परत आलेला पासपोर्ट आठवत होता. आईला कोणी सांगितलं नव्हतं. तरी तिने नियमाने केलं होतं.

तिने घरी फोन लावला.

"आई, झालं."

"बरं झालं," आशाबाई म्हणाली. "जेवली का?"

*

पासपोर्ट आला तेव्हा रोवणा, धानाची लावणी, सुरू झाला होता. सुनिलने चंद्रपूरला जाऊन तो आणला. तोवर हैदराबादचा प्रयोग गुणवंतरावांनी गावात इतक्या वेळा केला होता, की ठेवून घेतला म्हणजे मंजूर, वापस दिला म्हणजे नाही, हे चहाच्या टपरीवरच्या पोट्ट्यांनाही पाठ होतं. खेपेगणिक त्यात गार्डशी मारामारी वाढत चालली होती.

दुपारी पाऊस उघडला. आशाबाई खिडकीमागे सात्या निवडत होती. सकाळीच कोणीतरी वारुळावरून आणून दिल्या होत्या. दिव्यानी अंगणातून आली आणि गजांसमोर उभी राहिली. सरळ, तिरपी नाही.

"आई, तुहं बाकी हाये."

आशाबाईने हात पुसले. पासपोर्ट घेतला, उघडला. नवीन कागद चिकटवलेलं पान बघितलं. त्यावरच्या फोटोत दिव्यानी हसतही नव्हती आणि टेन्शनमध्येही नव्हती. लोकेश म्हणतो तसं, मधलं होतं.

"त्यायनं विचारलं का?"

"नाई. मीच नको म्हटलं."

"काऊन?"

"तुह्याजवळ देल्लं नाई उत्तर, तं त्यायले कसं देऊ?"

आशाबाईने भिंतीपलीकडे बघितलं. भिंतीवर गुणवंतरावांचा राजवाडा वाळत घातला होता. जेल सुनिलच्या बाजूला होतं.

"वापस येशीन का?"

रोवणा करणाऱ्या बायांचा आवाज लांबून येत होता. दिव्यानीने दोन्ही हातांनी गज धरले.

"मले माहीत नाई, आई."

आशाबाईने मान हलवली, जशी ती तांदूळ नीट शिजला की हलवायची. पासपोर्ट बंद केला, पदराने पुसला आणि डाळीच्या डब्यामागे, वरच्या फळीवर, ठेवून दिला.

नाक पुसून झाल्यावर दिव्यानी म्हणाली, "तिकीट काढाले लागन थो."

"लागन तवा मागजो. तवर राहू दे माह्याजवळ." आशाबाईने मान झटकली आणि डोक्यावरचा पदर खांद्यावर पडला, तो तिने तसाच राहू दिला. "पुढचा कोण हाये? पाठव."

पुढचे गुणवंतराव होते. रिकामा कप घेऊन भिंत ओलांडून आले होते आणि चहा मागायला दिव्यानी मोकळी होण्याची वाट बघत होते. दिव्यानी बाजूला झाली. तिने सांगावं म्हणून त्यांनी तिच्याकडे बघितलं. ती काही बोलली नाही.

"बोला," आशाबाई म्हणाली. "काय पाहिजे?"

गुणवंतरावांनी सदरा खाली ओढला, घसा साफ केला आणि आयुष्यात पहिल्यांदाच, सगळ्या प्रेक्षकांकडे पाठ करून खिडकीसमोर उभे राहिले.